केसरची जागा

॥ श्री ॥

जीवना बंदर, श्रीवर्धन, जि. कुलाबा
ता. १२ जानेवारी १९५८

चि. शिवदास यास बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं घरी पोचलो. सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते खाली वाच.

बोट बंदराबाहेर उभी राहिली तेव्हा वारा पडलेला होता, एवढं बरं. तुझ्या आईला खुर्चीत बसवून चौघांनी पडावात उतरवलं. तिला ते मुळीच आवडलं नाही. जन्मभर कंबरभर पाण्यात उभी राहून जिने मासळीच्या पाट्या उतरवून घेतल्या, तिलाच आज लोक पाटीसारखं उतरवून घेत होते. तिने डाव्या हाताने खुर्ची धरलेल्या सदूचा कान धरला तो किनारा लागेपर्यंत सोडला नाही. सदू म्हणाला, काकीच्या या हाताला तरी औषध नको.

किनाऱ्यावर निम्मा कोळीवाडा जमला होता. बायका रडल्या. रडता रडता ठमी आवडाबाईच्या कानाशी लागली, की आता लिलावाची जागा कायमची तुझीच. लाटांच्या आवाजात बोलली म्हणून तिला वाटलं कुणी ऐकलं नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या होडीत पाणी उपसणारा पोरका पोर होतो मी. आज माझी स्वतःची होडी आहे ती या दोन कानांच्या जोरावर.

तुझी आई वाळूवर पालथ्या खोक्यावर उभी राहून तीस वर्षं या बंदरातल्या मासळीचा लिलाव पुकारते आहे. भाव चढवायचा, तीन वार म्हणायचं, घेणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगायचं, की सौदा पक्का. कार्तिकात त्याच खोक्यावरून ती कोसळली, तेव्हापासून आवडाबाई पुकारते. पंचांनी काल मला बोलावून सांगितलं, की नारळी पौर्णिमेपर्यंत जागा केसरच्या नावाने राहील. त्यानंतर पहिल्या होड्या येतील त्या दिवशी जी उभी राहून पुकारेल तिची जागा. मी म्हटलं, कबूल. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी आपली विडी पेटवली.

इस्पितळाचा इंग्रजी कागद इथल्या कंपाउंडरने वाचला आणि माझ्याशी एकदम हळू आवाजात बोलू लागला. हळू बोलणारा माणूस मला आवडत नाही. कागदाची नक्कल तुझ्याकडे आहेच. शब्दाला शब्द मराठी करून धाड, काही गाळू नको.

आणखी एक. म्हसळ्याला सोनूबाई म्हणून एक बाई राहते. मुंबईत लुळ्या झालेल्या पोरांच्या वॉर्डात तिने वीस वर्षं काढली, पोरांना चालायला शिकवलं. सोमवारी आणि गुरुवारी एस.टी.ने येईन म्हणाली. खेपेला तीन रुपये, भाडं वेगळं, आणि जेवायला ताजी मासळी. मी हो म्हटलं आहे.

सूनबाईस आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे, पत्र मात्र लवकर घाल.
— गुणाजी

॥ श्री ॥

मुंबई, ता. २५ जानेवारी १९५८

तीर्थरूप बाबांचे चरणी शिवदासाचा शि. सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. आई घरी सुखरूप पोचली हे वाचून हायसे वाटले.

आपण सांगितले म्हणून कागदाचे भाषांतर करतो. “उजव्या अंगाला पक्षाघात. आधाराने चार पावले, पाय ओढत. उजवा हात निकामी. वाचा जवळपास गेलेली. पेन दाखवले असता सुरी म्हणाली. वार सांगता आला नाही. पतीचे नाव तीनदा विचारूनही उत्तर नाही. यापुढे सुधारणा संभवत नाही. घरी आराम द्यावा.” एवढेच आहे. गाळलेले काही नाही.

बाबा, डॉक्टर विलायतेत शिकून आलेले आहेत. त्यांनी तपासले तेव्हा मी आईच्या उशाशी होतो, तुम्हाला बाहेर बसवले होते. मी तिचा चेहरा पाहिला आहे. नाव विचारताच तिने मान खाली घातली आणि मग काही केल्या वर केली नाही. माझ्या आईला स्वतःच्या नवऱ्याचे नाव आठवत नाही, हे पाहिल्यावर मी जिन्यात जाऊन रडलो, ते तुम्हाला तेव्हा सांगितले नाही.

आता लिहू नये ते लिहितो. होडीला इंजिन बसवायचे सरकारी कर्ज सोसायटीमार्फत मंजूर होत आहे, परंतु आपल्या पदरचे बाराशे रुपये एप्रिलअखेर भरले तरच. ते जमवायला तुम्हाला सहा वर्षे लागली. इस्पितळ, औषधे, बोटभाडे यांत अडीचशे गेलेच. ती म्हसळ्याची बाई आठवड्याला दोनदा येऊ लागली तर इंजिन गेले म्हणून समजा. आणि मिळणार काय? आईला आराम हवा आहे, कवायत नको. शीड सोडून इंजिन घेणारे लोक तुमच्या आधी मासळी मुंबईला पोचवतील, मग पश्चात्ताप होईल.

कमीजास्त लिहिले असल्यास पोटात घालावे. आपल्या आशीर्वादाची गरज मला पगारापेक्षा अधिक आहे.
— आपला शिवदास

॥ श्री ॥

जीवना बंदर, ता. ३ फेब्रुवारी १९५८

चि. शिवदास यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र रतनने मला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण चष्म्याची काडी मोडली होती. नवऱ्याचं नाव या शब्दांपाशी ती थांबली, मी थांबलो, आणि मग आम्ही बापलेक इतके हसलो की आतून तुझ्या आईने भांडं आपटलं.

अरे शहाण्या, तुझ्या आईने माझं नाव कधी घेतलं आहे? लग्नात घास भरवायच्या वेळी बायकांनी नाव घे म्हणून तिला दुपारपर्यंत उपाशी बसवलं, ती उपाशी बसली. रेशनकार्डाच्या कारकुनापुढे तिने रतनला पुढे ढकललं. मतदारयादीवाला आला तेव्हा त्याला म्हणाली, शेजारी विचार. लिलावात मला बोलीही लावू देत नाही, कारण सौदा माझ्यावर तुटला तर नाव पुकारावं लागेल. चौतीस वर्षांच्या संसारात मी आज रतनचा बापूस आहे, त्याआधी तुझा होतो, त्याच्याही आधी नुसता अहो होतो.

आता मला एक सांग. विलायतेत शिकलेल्या त्या डॉक्टरला मराठी येत नव्हतं. मग तीनदा विचारलं कोणी? तूच ना? पाच परक्या पुरुषांसमोर पोटच्या पोराने आईला बापाचं नाव घ्यायला सांगितलं. मान खाली घालेल नाही तर काय करील? वाचा गेली म्हणून नव्हे, लाज शाबूत होती म्हणून.

पेनाचं खरं आहे, ते मी झाकत नाही. बऱ्याच वस्तूंची नावं तिच्या हाताशी येत नाहीत, भलतीच येतात. पण पेन तिने आयुष्यात धरलं कधी? मी काल फळीवर दहा जातींची मासळी मांडली आणि एकेकीवर बोट ठेवलं. सात बरोबर सांगितल्या. सावकाश, जड जिभेने, पण बरोबर. दोन चुकल्या. दहाव्या माशाला तिने शिवी दिली, आणि ती अगदी स्वच्छ आली. मासा शिळा होता. वाराचं म्हणशील तर सहा आठवडे समुद्र न दिसता त्या गॅलरीत मला तरी वार कुठे सांगता येत होता?

इंजिनाला तू म्हणतोस ते कळतं. मला पैशाचं कळत नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण सोनूबाई येत राहणार. त्या कागदावर सही करणाऱ्याने केसरला अर्धा तास पाहिलं, मी चौतीस वर्षं पाहतो आहे.

रागावलो नाही. रागावलो असतो तर पोस्टकार्डावर भागलं असतं. लोभ जुनाच आहे, त्यात खोट नाही.
— गुणाजी

॥ श्री ॥

मुंबई, ता. २० फेब्रुवारी १९५८

ति. बाबांचे चरणी शि. सा. न. वि. वि. आपले पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागले नाही. होय, विचारले मीच. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, मी मराठीत म्हणालो. त्या वेळी मला ते सुचले नाही. मुंबईत सात वर्षे राहून माझी पत्नी मला सर्वांदेखत नावाने हाक मारते, त्यामुळे विसरलो असेन.

तरीही बाबा, इतक्या आजारात माणूस रीत पाळील का? तुमचे कान तीक्ष्ण आहेत, पण आशेने ऐकणारे कान नसलेलेही ऐकतात. मला खात्री वाटेना, म्हणून रजा टाकून इस्पितळात गेलो आणि डॉक्टरांना सगळे सांगितले. ते हसले नाहीत. असे आपण कधी ऐकले नव्हते म्हणाले. मग म्हणाले, की बाईंना घेऊन या. माझ्यासमोर त्यांनी एकदा नाव घेतले तर तो कागद मी फाडून टाकीन आणि त्यांना व्यायामाच्या विभागात तीन महिने ठेवून घेईन, तेही धर्मादाय खात्यातून. पण सुधारण्याची खूण दिसल्याशिवाय खाट देता येत नाही, खाटा थोड्या आहेत.

तर मार्ग सोपा आहे. एक शब्द. आईला समजावून सांगा. तिने तुमचे नाव घेतले की यंत्रे, विजेचा शेक, शिकलेली माणसे, सगळे फुकट, आणि इंजिनही वाचते. येणार असाल तर तार करा, मी धक्क्यावर येईन.

सूनबाईचा नमस्कार. आपण थोरपणाने समजून घ्याल या भरवशावर लिहीत असतो.
— शिवदास

॥ श्री ॥

जीवना बंदर, ता. ९ मार्च १९५८

चि. शिवदास यास आशीर्वाद. वि. वि. तू रजा टाकून गेलास, हे मी तुझ्या आईला पहिलं सांगितलं. तिचे डोळे भरले. मग बाकीचं सांगितलं. खाटेचं, यंत्रांचं, तीन महिने फुकट असल्याचं. एक शब्द, म्हटलं. घरात कुणी नाही, माझ्या कानात म्हणून दाखव, मग तिथे म्हणायचं का ते बघू. कान तिच्या तोंडापाशी नेला.

तिने कान धरला आणि पिळला.

आता यातून काय समजायचं ते तू समज. येत नाही म्हणून चिडली की येतं म्हणून, ते मला विचारू नको. मी काही तिच्यावर बळजोरी करणार नाही. एका शब्दावर खाट देणारं इस्पितळ त्यांना लखलाभ. आमचं इस्पितळ परसात उभं आहे.

कसं ते ऐक. बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या दोन रांगा आहेत ना, त्यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी वाट ठेवून सोनूबाईने दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीवर बांबू बांधायला लावले. मुंबईत हेच लोखंडाचं असतं म्हणाली. त्या बांबूंना धरून तुझी आई सकाळी आणि उतरत्या उन्हात फेऱ्या घालते, डोक्यावर बोंबील लटकलेले. पहिल्या दिवशी तीन पावलांत घामाघूम. परवा टोकापर्यंत गेली आणि वळता येईना म्हणून तिथेच उभी राहिली. मी धरायला धावलो तर सोनूबाईने मला दम दिला, की पाच मिनिटं गेली तरी चालतील, वळेल तेव्हा वळेल. वळली. सोनूबाई ही भलती खडूस बाई आहे. जेवताना सुरमईचा मधला तुकडा मागून घेते. मला फार आवडली.

तू विचारतोस मिळणार काय. सोनूबाईच्या सोळा खेपा झाल्या. पायाला लोखंडी पट्टी असलेला बूट करून घेतला, पंचेचाळीस रुपये. सगळं इंजिनाच्या पैशांतून. आणि मिळालं ते हे: चहाचा कप ती स्वतः धरते. लुगडं रतन नेसवत असे, आता कासोटा तेवढा रतन घालते, बाकीचं ती एका हाताने आणि दातांनी करते, अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात कुणी दार उघडलं तर भांडं येतं. ठमी चौकशीला आली, आवाज खाली करून अगंबाई बिचारी म्हणाली, तेव्हा तुझ्या आईने आकडे म्हणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, लिलावाच्या सुरात, ठमीच्या तोंडाकडे बघत, वीसपर्यंत. ठमी पंधरालाच उठली होती.

आता याची किंमत इंजिनाच्या भावात सांग म्हणशील तर मला येत नाही. इंजिन पुढच्या साली मिळेल, यंदा शीड आहे.

चुलीवर जेवण आहे, उठतो. आठवण ठेवतोस तशी ठेव.
— गुणाजी

॥ श्री ॥

जीवना बंदर, ता. २० एप्रिल १९५८

चि. शिवदासास आशीर्वाद. पत्र थोडकं लिहितो.

आठ दिवसांपूर्वी तुझी आई विहिरीपाशी ओल्या दगडावर पडली. डावं मनगट मोडलं. चांगला हात होता तो. इथल्या डॉक्टरांनी फळ्या बांधून गळ्यात अडकवून दिला आहे. ती जेवत नाही. बांबूंकडे पाहत नाही. काल रतन भरवायला गेली तर तोंड मिटून भिंतीकडे वळली. पंचांपैकी येसाजी येऊन गेला. चांगला माणूस आहे, पण घोंगडीवर बसून त्याने सांगितलं, की आवडाबाईला आताच हो म्हणून मोकळं करू या का, केसरवहिनीवर ओझं कशाला. मी त्याला अंगणापर्यंत पोचवून आलो.

विहिरीवर एकटी जाऊ दे, असं मीच म्हणालो होतो. तू म्हणत होतास आराम. आज तुझं बरोबर वाटतं आहे, ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

— गुणाजी

॥ श्री ॥

जीवना बंदर, ता. ४ मे १९५८

चि. शिवदास यास अनेक आशीर्वाद. वि. वि. मागलं पत्र फाडून टाक. ते लिहिणारा माणूस कोण होता कुणास ठाऊक.

झालं ते असं. मधे तीन-चार खेपा न आलेली सोनूबाई गुरुवारी आली. फळ्या पाहिल्या, मोडलेला हात पाहिला, पण माझ्यावर ओरडली नाही. मग रतनला म्हणाली, आज हिला कुणी भरवायचं नाही. पुढ्यात भात ठेवला, कालवण ठेवलं आणि सगळ्यांना अंगणात काढलं. मला तो दुष्टपणा वाटला. दाराआड उभा राहिलो. मला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. बराच वेळ काही नाही. मग ताट सरकल्याचा आवाज. मग काहीतरी सांडलं. मग एक शिवी, स्वच्छ. मग पुन्हा ताट. डावा हात तर गळ्यात बांधलेला. मग ताट ओढतं कोण?

मी आत डोकावलो. उजव्या हाताच्या दोन बोटांत भाताचा गोळा होता. तोंडापर्यंत पोचेतो त्यातला निम्मा लुगड्यावर पडला. निम्मा गेला.

सोनूबाई म्हणते, डावा हात सगळी कामं उरकत होता म्हणून उजवा आळशी झाला होता, आता त्याला सोडवणारं कुणी नाही. फळ्या निघाल्या तरी रोज दोन तास चांगला हात बांधून ठेवायचा, असं तिने ठरवलं आहे. मुंबईत असं करतात का, विचारलं. म्हणाली, मुंबईत कोण एवढा वेळ ताटाशी बसतं?

येसाजीला मी काल निरोप पाठवला, की जागा नारळी पौर्णिमेपर्यंत केसरचीच आहे. बोलणं झालं आहे, मोडू नये.

उन्हाळ्याची रजा असेल तर येऊन डोळ्यांनी बघ. फणस ठेवला आहे.
— गुणाजी

॥ श्री ॥

मुंबई, ता. २ जून १९५८

ति. बाबांचे चरणी शि. सा. न. वि. वि. परवा सुखरूप पोचलो. आठ दिवस राहून आलो तरी तोंडाने बोलायचे राहिले ते लिहितो.

मी आराम आराम म्हणत होतो, पण आरामात ठेवलेली आई मी इस्पितळात पाहिली होती. छताकडे पाहत असे. घरी पाहिली ती आई माझ्या ताटात मासा वाढताना हात थरथरला म्हणून स्वतःवरच चिडली आणि पुन्हा वाढला. तो मासा मी काट्यासकट खाल्ला असता. सोसायटीचा फॉर्म मी परत केला आहे. दोनशे रुपये मनिऑर्डरने पाठवले, ते सोनूबाईंच्या खेपांना लावावेत. इंजिनाचे पुढे पाहू.

एक मात्र मनातून जात नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी आई सुके बोंबील निवडत होती, तेव्हा मी तिच्याजवळ बसून विचारले, की आई, त्या दिवशी मी नाव विचारले ते तुला येत होते की नाही? तिने माझ्याकडे पाहिले आणि एक बोंबील फेकून मारला. बाबा, मी इतका मोठा झालो तरी त्या पाहण्याचा अर्थ मला लागला नाही. येत नसेल तर मी तिला आणखी दुखावले. येत असेल तर तिने एका शब्दासाठी यंत्रे, डॉक्टर, सगळे नाकारले. तुम्ही सांगा. चौतीस वर्षांत एकदा तरी, चुकून का होईना, तुम्ही ऐकले आहे का?

पावसाच्या दिवसांत तिला अंगणात एकटी सोडू नये. आपली छाया आम्हा दोघांवर असावी.
— शिवदास

॥ श्री ॥

जीवना बंदर, ता. ७ सप्टेंबर १९५८

चि. शिवदास यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तार करणार होतो, पण तारेत मावणारं नव्हतं.

नारळ सोडून होड्या गेल्या. पहिली मासळी काल आली. तुझी आई घरापासून वाळूपर्यंत स्वतःच्या पायांनी गेली, बूट आणि काठी घेऊन. बूट वाळूत रुततो, म्हणून सदूने फळ्या टाकल्या होत्या. पुढच्या फळ्या संपल्या की मागच्या उचलून पुढे. खोक्यावर चढताना मात्र दोघींनी धरलं. त्यांतली एक आवडाबाई होती. हे लिहायला हवं, कारण मी तिच्याविषयी घरात पुष्कळ बोललो आहे.

आवाज पूर्वीचा नाही. पूर्वी तो खाडीपलीकडे जायचा, आता लोकांना जवळ यावं लागतं. आले. शब्दही सगळे येत नाहीत. पण आकडे येतात, आणि ते कसे येतात ते ऐक. पाचावरून कुणी एकदम आठ म्हटलं तर तिला एकदम आठ म्हणता येत नाही. तिला सहा, सात असं चढत जावं लागतं, थांबत थांबत, मग आठ. पहिल्या पाटीला लोक चुळबुळले. रंगू व्यापारी म्हणाला, संध्याकाळ होईल. पण दुसऱ्या पाटीला मी कान दिला. ती सहा म्हणून थांबली, की त्या थांबण्यात समोरच्याला राहवत नाही, तो आणखी अर्धा रुपया चढवतो. सहा पाट्या गेल्या, सहाही पाट्या गेल्या हंगामाच्या भावापेक्षा वर. होडीवाल्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. येसाजीने माझ्याकडे पाहून मान हलवली. घेणाऱ्यांची नावंही आली: रंगू आलं, ठमी आलं, एकदा मोरूला सदू म्हणाली, ते सगळ्यांनी चालवून घेतलं.

शेवटची कोलंबीची पाटी येसाजीची होती. रंगू आठावर थांबला. आणि मला काय झालं देवाला ठाऊक, मी मागून हात वर केला आणि नऊ म्हटलं.

सगळे वळले. मग हसले. मग बायकांनी धरलं, की सौदा पक्का व्हायला नाव हवं, घे नाव, घे नाव. लग्नात करतात तसा गिल्ला. तुझी आई खोक्यावर उभी. एक वार म्हणाली. दोन वार म्हणाली. आणि थांबली. शिवदास, मी आजवर पुष्कळ गप्प राहणं ऐकलं आहे, पण असं नाही. तोंड उघडलं, मिटलं. हसणारे हसायचे थांबले. शब्द अडकला असं वाटून आवडाबाई पुढे सरकली. वाटलं, आठ महिने जे सावरलं ते मी एका गमतीपायी सगळ्यांदेखत पाडलं.

तेव्हा तिने काठी उचलली, माझ्याकडे रोखली, आणि मला घरी जायला सांगितलं. दोन शब्द. घरी, जा. आणि मग रंगूकडे वळून पुन्हा पहिल्यापासून आकडे चढली, आठावर थांबली, तीन वार म्हणाली, आणि त्याचं नाव पुकारलं.

मी घरी गेलो. न जाऊन सांगतो कोणाला. वाटेत येसाजीला त्याचा बुडालेला एक रुपया दिला. तो घेईना. म्हटलं, घे बाबा, मी दोन शब्द विकत घेतले, स्वस्त पडले. जागा केसरची राहिली. आवडाबाई तिच्या शेजारी उभी राहील, मोरूला मोरू म्हणायला. पुकारणारीला पाटीमागे मिळणारा आणा दोघींत वाटून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. आता देतो. मी कधी ऐकलं नाही, चुकूनही नाही. आणि काल ती थांबली ते विसरली म्हणून की काय म्हणून, हे माझ्या या कानांनाही कळलं नाही. तुला छातीठोकपणे लिहीत होतो, पण माझ्या पोटात तीच शंका होती जी तुझ्या. आता ती तशीच राहिली तरी माझी हरकत नाही. जी बाई मला भर बाजारातून घरी हाकलते तिचं काही गेलेलं नाही, आणि गेलं असेल ते मला नको होतं.

पत्राचा हा मजकूर तिला वाचून दाखवला. तिने रतनला कागद घेऊन बसायला सांगितलं आहे आणि मला बाहेर जायला. तेव्हा पुढचं तिच्याकडून. तुझी ओढ तिला आहे, मलाही आहे, असं समजून ये.
— गुणाजी

॥ श्री ॥

ता. ९ सप्टेंबर, रतनच्या हातून

शिवदासा, आशीर्वाद. मी बोलते, रतन लिवते. दोन दुपारी लागल्या.

मी बरी हाय. पाय ओढतो. हात सकाळी माजा, संध्याकाळी दुसऱ्या कुणाचा. नावं पळतात. काही सापडतात, काही न्हाय. रडू येतं कधी. तुज्या बापसाला सांगू नको.

तू जिन्यात रडलास. मला कळलं. तवा तुला बोलावणार व्हते. तुजंच नाव आलं न्हाय. ते खरंच आलं न्हाय. लई तळमळले. आता येतं. शिवदास. शिवदास. रतन, दोनदा लिव.

डाक्टरला तो कागद परत दे. सांग त्याला, बाई उभी राहून लिलाव करते. फाड म्हणावं.

आन त्यानं इचारलं व्हतं त्याचं सांग. नाव येतं. तवाबी येत व्हतं. घेत न्हाय.

— तुजी आई